पाण्याला जागा देणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

ग्वाल्हेरकरांच्या घरोघरी नळाला जे पाणी येते, ते मुख्यत्वे तिघऱ्याचे. शहराच्या पश्चिमेस सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर सांक नदी अडवून बांधलेला हा जलाशय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. पावसाळ्यात धरण भरले की ते पाहावयास जाण्याची प्रथाही जुनी आहे. परंतु हे धरण बांधून होते न होते तोच, १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात, फुटले होते आणि त्या पाण्याने खालच्या अंगाच्या गावांवर अनर्थ ओढवला होता, हे आज फारच थोड्यांच्या स्मरणात असेल. पुढे याच धरणावर पुराचे पाणी आपोआप सोडून देणारी दारे बसविण्यात आली. ती ज्यांच्या कल्पनेतून निर्माण झाली, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे चरित्र सांगण्याचे प्रयोजन एवढेच नाही. जन्माने ते कन्नड प्रदेशातले. पण त्यांचे उच्च शिक्षण पुण्यात झाले आणि उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात, त्यातही बव्हंशी मराठी मुलखात गेली. शिवाय ग्रंथालय हे लोकशिक्षणाचे साधन आहे, असे मानून त्याची प्रतिष्ठापना करणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होते.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घराणे मूळचे आंध्र प्रदेशातील मोक्षगुंडम गावचे; त्या गावाचे नावच पुढे कुलनाम झाले. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. परंतु घरची स्थिती बेताची, आणि विश्वेश्वरय्यांच्या किशोर वयातच पितृछत्र हरपले. मामाच्या आधाराने ते बंगळूरला आले आणि एका सधन कुटुंबातील मुलांची शिकवणी करून सेंट्रल कॉलेजात शिकले. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेता आला. १८८३ मध्ये एल. सी. ई.च्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि जेम्स बर्कली पारितोषिकाचे मानकरी ठरले. या यशामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची थेट नेमणूक झाली आणि १८८४ मध्ये साहाय्यक अभियंता म्हणून ते नाशकास रुजू झाले.

नदी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाने शिकविले त्याहून अधिक खानदेशाने शिकविले, असे म्हणावेसे वाटते. धुळ्याच्या बाजूस पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळाचा सायफन बांधून कालव्याचे पाणी पलीकडे नेण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. पुरामागून पूर येई आणि खणलेले चर वाळूने व दगडगोट्यांनी भरून जात. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना सुचविले, तेव्हा ती टाळाटाळ समजली गेली. नव्या नोकरीत हा शेरा जड जाणारा होता. त्यांनी वाद न घालता काम नेटाने पुरे केले आणि वरिष्ठांचे मतही बदलले. परंतु या प्रसंगातून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली असावी, ती अशी की, नदी केवळ पाणी वाहून नेत नाही. तिच्या पोटात वाळू, गोटे आणि गाळ असतो. पाण्याचा पूर काही तासांत ओसरतो. गाळ मात्र मागे राहतो, आणि माणसाला पुढे झगडावे लागते ते त्या गाळाशी.

पुढे सिंधमध्ये हाच धडा त्यांनी कामी आणला. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्कर शहराला सिंधू नदीचे पाणी पुरवावयाचे होते. पण ते पाणी अत्यंत गढूळ, आणि गाळण्याचे हौद बांधण्याची नगरपालिकेची ऐपत नव्हती. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली. पात्रातील वाळूच्या थरांतून झिरपणारे पाणी विहिरीत येताना आपोआप स्वच्छ होई. हे काम १८९५ च्या सुमारास पूर्ण झाले. गढूळ नदीचेच अंग तिचे पाणी निर्मळ करण्यासाठी वापरावयाचे, ही युक्ती अल्प खर्चाची तर होतीच, पण निसर्गाशी झुंज घेण्याऐवजी त्याच्या स्वभावाचा उपयोग करून घेण्याची त्यांची वृत्तीही तीत दिसते.

यानंतरचा त्यांचा पुण्यातील काळ सर्वार्थाने फलदायी ठरला. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना याच काळात लाभला. दख्खनच्या कालव्यांचे पाणी शेतकऱ्यांना गटागटाने व पिकांची फेरपालट करून देण्याची पद्धत त्यांनी १८९९ मध्ये सुचविली. थोडे पाणी अधिक गावांना पुरावे, आणि अतिपाण्याने जमिनी खराब होऊ नयेत, असा तिचा दुहेरी हेतू होता.

परंतु त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते खडकवासल्याच्या दारांमुळे. पुण्याजवळ मुठा नदीवरील या जलाशयास तेव्हा फाईफ तलाव म्हणत. दर पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र पुणेकरांना व कालव्याला पाणी अपुरे पडे. धरणाची भिंत वाढवावी तर खर्च मोठा, शिवाय जुन्या पायावर नवा भार. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दारे बसविण्याची योजना आखली. ही दारे मिटलेली असताना तलावात सुमारे आठ फूट अधिक पाणी साठे, म्हणजे साठा जवळजवळ एक-चतुर्थांशाने वाढे. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की ते स्वतःच यंत्रणेत शिरून वजनांचा तोल बदली आणि दारे उघडत; पूर ओसरून पाणी खाली आले की ती पुन्हा मिटत. मध्यरात्री अचानक पूर आला आणि चौकीदार झोपेत असला, तरी दार आपले काम चुकत नसे. या रचनेचे एकस्व त्यांनी १९०३ मध्ये घेतले. सरकारी सेवेत असताना लावलेल्या शोधाबद्दल स्वामित्वधन घेणे मात्र त्यांना उचित वाटले नाही, असे सांगितले जाते.

या दारांचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. पाणीपुरवठ्यासाठी तलाव भरलेला हवा, आणि पुरापासून रक्षण व्हावे म्हणून तो थोडा तरी रिकामा हवा. प्रत्येक धरणाच्या पोटात हा विरोध असतोच. उन्हाळ्याची चिंता करणारा म्हणतो, एक थेंबही सोडू नका. खालच्या गावांची चिंता करणारा म्हणतो, येणाऱ्या पाण्यासाठी जागा राखा. विश्वेश्वरय्यांची दारे म्हणजे या दोन गरजांत घडवून आणलेला समेट होता. हा समेट किती नाजूक असतो, हे त्यांच्या पुढील आयुष्यातील घटनांनी दाखवून दिले.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते वर चढले होते. परंतु मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी हिंदी माणसाला मिळणारे नव्हते. ते परदेशात प्रवास करीत असतानाच हैदराबादहून निजाम सरकारचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडविली होती. हजारो माणसे बुडाली आणि हजारो घरे कोसळली. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे तेवढी वाचली, ही हकीकत तेथे आजही सांगतात. ते झाडही लोकांनी जपले आहे. एप्रिल १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादला दाखल झाले.

त्यांनी प्रथम शहराकडे पाहिले नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. ही त्यांची रीत महत्त्वाची आहे. नुकसान खाली दिसते, पण त्याचे कारण वर असते. मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते, म्हणजे सरासरी दर चौरस मैलामागे जवळजवळ एक. अतिवृष्टीत त्यांतील २२१ फुटले होते. शमशाबादला चोवीस तासांत साडेबारा इंचांहून अधिक पाऊस पडला होता. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर जाई, तो फुटे आणि दोहोंचे पाणी मिळून तिसऱ्यावर जाई. पिढ्यान् पिढ्या शेतीला जगविणारे तलाव एका रात्रीत पुराचे साथीदार झाले होते. बांध फुटताना त्याची मातीही पाण्यासोबत निघते आणि लोंढा अधिकच जड व विध्वंसक होतो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढला असता की, तलाव बांधणेच चूक. विश्वेश्वरय्यांनी तसा काढला नाही. त्यांनी शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर दोन मोठे जलाशय सुचविले. वरकरणी हे विपरीत वाटेल. ज्या साठलेल्या पाण्याने घात केला, त्याच्याच आणखी मोठ्या साठ्याची ही शिफारस होती. परंतु फरक असा की, फुटलेले तलाव भरण्यासाठी बांधलेले होते, तर या जलाशयांत पुरासाठी जागा मुद्दाम मोकळी ठेवावयाची होती. अचानक आलेले पाणी तेथे थबकावे आणि मागाहून नदीला पेलेल एवढेच हळूहळू सोडावे, अशी योजना होती. त्याप्रमाणे उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. शहरातील नदीकाठ उंचावून तेथे उद्याने करावीत आणि मैलापाण्याची बंदिस्त व्यवस्था करावी, हेही त्यांनी सुचविले होते. पूर ही एका रात्रीची आपत्ती खरी, पण तिची सिद्धता बारमाही हवी, हे या योजनेचे सूत्र होते.

आता आपण आपल्या तिघऱ्याकडे येऊ. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळाने मध्य भारत होरपळून निघाला होता. त्या वेळी ग्वाल्हेरच्या गादीवर महाराज माधवराव शिंदे होते. पाण्याचे साठे निर्माण करण्याचे जे धोरण त्यांनी पुढे नेटाने राबविले, त्यामागे या दुष्काळाचा अनुभव होता. तिघऱ्याचे धरण १९१६ च्या सुमारास उभे राहिले. चुन्यात बांधलेली सुमारे २४ मीटर उंचीची आणि १३४१ मीटर लांबीची ती दगडी भिंत, म्हणजे संस्थानाच्या अभिमानाचा विषय. १९१७ च्या ऑगस्टमध्ये सांकेला असा पूर आला की, पाणी सांडव्यात मावेना; ते भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले. पायाखालच्या वालुकाश्मातही पाणी मुरत होते. वरून रेटा आणि खालून ढिली झालेली पकड, अशा दुहेरी माऱ्यापुढे भिंतीचे प्रचंड खंड जागचे सरकले आणि कोंडलेला जलाशय मोकळा सुटला.

अशा वेळी खाली काय घडते, हे नदीच्या नेहमीच्या पुरावरून समजत नाही. नेहमीचा पूर चढत जातो. माणसाला गुरे सोडण्यास आणि मुले उचलण्यास थोडा अवधी देतो. धरणफुटीचे पाणी भिंतीसारखे येते. वाटेतील माती, झाडे, फुटक्या बांधकामाचे दगड ते बरोबर घेते. पात्र अरुंद असते तेथे त्याची उंची आणि वेग वाढतो. पात्र पसरते किंवा उतार संपतो तेथे वेग मंदावतो आणि ओझे टाकण्यास प्रारंभ होतो. प्रथम मोठे दगड, मग गोटे, मग वाळू, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत दूर, बारीक गाळ. चंबळच्या बाजूची आपली जमीन मऊ गाळमातीची. साध्या पावसाच्या पाण्यानेही तेथे बीहड पडतात. तेथे अशा लोंढ्याने एकीकडे शेते खरवडली जातात, तर दुसरीकडे पुरली जातात. ज्याचे शेत वाहून गेले तो आणि ज्याच्या शेतावर वाळू साचली तो, असे दोघेही शेतकरी एकाच दिवशी निराधार होतात.

तिघऱ्यानंतर दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, दूरच्या जावा बेटावर याच जातीची परंतु याहून भयंकर आपत्ती कोसळली. तिचा दाखला येथे देणे अप्रस्तुत होणार नाही, कारण विश्वेश्वरय्यांनी हैदराबादेत मांडलेलेच तत्त्व तेथे वेगळ्या वाटेने सिद्ध झाले. केलूड नावाच्या ज्वालामुखीच्या मुखात मोठे सरोवर होते. स्फोट होताच ते सारे पाणी बाहेर फेकले गेले आणि उतारावरची राख व दगड यांच्याशी मिसळून चिखलाचे लोंढे झाले. अशा लोंढ्याला जावाच्या भाषेत लाहार म्हणतात आणि तोच शब्द आता जगभर रूढ आहे. तो ओल्या काँक्रीटसारखा दाट असतो. घराएवढे धोंडे सहज वाहून नेतो. नदीनाल्यांची वाट धरून पळतो. आणि थांबला की जागच्या जागी घट्ट होऊ लागतो. केलूडचे लोंढे सुमारे अडतीस किलोमीटरपर्यंत पोहोचले आणि पाच हजारांहून अधिक माणसे त्यांत मृत्युमुखी पडली. पाणी ओसरल्यावर पुरातून वाचलेला माणूस घरी परततो. लाहारनंतर परतण्यासाठी घरच उरत नाही. नदीची पात्रे गाळाने भरून उथळ होतात आणि पुढे कित्येक वर्षे साधा पाऊसही तो गाळ हलवून नवे पूर आणतो.

तेथील डच अभियंत्यांनी यावर जो उपाय योजला, तो विश्वेश्वरय्यांच्या विचाराचाच जणू भाऊ होता. ज्वालामुखी थांबविता येत नाही, पण त्याच्या मुखातले पाणी कमी करता येते. त्यांनी डोंगर पोखरून बोगदे काढले आणि सरोवराचे पाणी खाली उतरविले. १९५१ मध्ये पुन्हा स्फोट झाला तेव्हा चिखलाचे लोंढे फार दूर गेले नाहीत आणि प्राणहानी अत्यल्प झाली. परंतु त्या स्फोटाने बोगद्यांची हानी झाली, मुख अधिक खोल झाले आणि सरोवर पुन्हा भरत गेले. १९६६ च्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर आणखी खाली नवा बोगदा काढावा लागला. राखलेली रिकामी जागा ही एकदा मिळवून कायमची हाती राहणारी वस्तू नव्हे; ती वारंवार मिळवावी लागते.

तिघऱ्याचे धरण १९२९ मध्ये पुन्हा उभे राहिले. खडकवासल्याला यशस्वी ठरलेल्या विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दारांचा अवलंब ज्या धरणांवर झाला, त्यांत ग्वाल्हेरचे तिघरा आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर ही नावे अग्रक्रमाने घेतली जातात. माथ्यावरून पाणी वाहणे हा ज्या धरणाचा मृत्युयोग ठरला, त्याच्याच माथ्याचे रक्षण या दारांकडे यावे, यात एक औचित्य आहे.

विश्वेश्वरय्या तोपर्यंत म्हैसूरला आपले मोठे कार्य करून मोकळे झाले होते. १९०९ च्या अखेरीस ते तेथे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे १९११ मध्ये सुरू झालेले कृष्णराजसागर हे त्यांच्या कर्तृत्वाचे शिखर मानले जाते. सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी यांच्या सुरखीत ते धरण बांधण्यात आले. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे ते संस्थानचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, कन्नड साहित्य परिषद आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय या संस्था याच काळात जन्मास आल्या. बंगळूरचे सार्वजनिक ग्रंथालय १९१५ मध्ये सुरू झाले, त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता. धरणे बांधणाऱ्या माणसाला ग्रंथालयाची निकड वाटावी, हे आपल्यासारख्या वाचनालयाच्या सभासदांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. पाण्याचा साठा आणि ज्ञानाचा साठा यांत त्यांनी भेद केला नाही. दोन्ही सर्वांच्या उपयोगी पडले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती.

निवृत्तीनंतरही त्यांनी विसावा घेतला नाही. १९३७ मध्ये ओरिसात महानदीला विनाशकारी पूर आले, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. महात्मा गांधींच्या सूचनेवरून त्यांनी त्या पुरांचा अभ्यास केला. येथेही त्यांनी दृष्टी खालच्या मुखप्रदेशावरून वरच्या खोऱ्याकडे वळविली आणि जलाशयांच्या शक्यतेची पाहणी व्हावी असे सुचविले. पुढे १९५७ मध्ये पुरे झालेल्या हिराकूड धरणाच्या विचाराचे बीज या शिफारशींत होते. १९५१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न या सर्वोच्च सन्मानाने गौरविण्यात आले.

चरित्रकाराने मात्र गौरवाच्या भरात एक गोष्ट लपवू नये. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे, बांधकाम पुरते न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही फुटली. ज्या धरणाच्या सांडव्यावर तरुण विश्वेश्वरय्यांनी आपली दारे बसविली होती, तेच हे धरण. जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती रचून पानशेत काही तास सावरून धरले, म्हणून पाणी रात्री झोपेत न येता दिवसा आले आणि असंख्य लोक वाचले. तरीही नदीकाठचे जुने पुणे उद्ध्वस्त झाले. वाडे कोसळले, आणि जे उभे राहिले त्यांच्या माजघरांत गाळ भरला. पूर एका दिवसात उतरला. गाळ उपसण्यास आणि संसार पुन्हा मांडण्यास पुणेकरांना मोठा काळ लागला. त्या वेळी विश्वेश्वरय्या बंगळूरला होते आणि वयाचे शंभरावे वर्ष पूर्ण होण्यास केवळ दोन महिने उरले होते. देशाने त्यांची शताब्दी साजरी केली आणि १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पानशेतचा दोष त्यांचा नव्हता, हे उघड आहे. परंतु त्या घटनेने त्यांच्या कार्याची सीमा दाखविली. नदीच्या पावसाला पुरे पडणारे दार वरच्या धरणाच्या फुटीला पुरे पडत नाही. १९०८ च्या पुरानंतर मुसीच्या खोऱ्यात त्यांनी जे पाहिले, म्हणजे एका बांधाची फूट दुसऱ्या बांधाचा काळ होते, तेच त्रेपन्न वर्षांनी मुठेच्या खोऱ्यात घडले. धडा लिहून ठेवलेला होता; तो उघडून वाचण्याचे भान राहिले नाही. हैदराबादेतही तसेच झाले. पुरासाठी मोकळी ठेवण्याच्या हेतूने उभे राहिलेले जलाशय पुढे शहराची तहान भागवू लागले. खालच्या अंगाला नाले आणि तळी बुजवून वस्त्या वाढल्या. आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत त्या शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले.

विश्वेश्वरय्यांना आपण धरणे बांधणारा पुरुष म्हणून ओळखतो. त्यांच्या चरित्राचा सारांश मात्र मला निराळा वाटतो. पाणी अडविणारे अनेक झाले. पाण्याला जागा ठेवली पाहिजे, असे सांगणारे आणि त्याची आकडेमोड करून दाखविणारे ते होते. भरलेला तलाव पाहून सर्वांना आनंद होतो. त्या तलावाच्या खाली कोण राहते आणि आणखी पाणी आले तर ते कोठे जाईल, हा प्रश्न आनंदाच्या क्षणी विचारणे अप्रिय असते. तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला.

पुढल्या पावसाळ्यात तिघऱ्याचे भरलेले पाणी पाहावयास आपण जाऊ, तेव्हा क्षणभर धरणाकडे पाठ करून सांकेच्या खालच्या पात्राकडे पाहावे. १९१७ चे पाणी त्या बाजूने गेले. तेथील बळींचे कोणतेही स्मारक आपल्या नित्य परिचयाचे नाही. त्यांची आठवण ठेवण्याचे काम ग्रंथांनी आणि ग्रंथालयांनीच करावयाचे आहे. शंभर वर्षे ग्रंथ जतन करणाऱ्या या संस्थेच्या वाचकांना ते परके वाटू नये.